हबीबभाई मर्जी विचारतात

पैलवान अंगाला माती चोळत आखाड्यात उतरायच्या बेतात असताना त्याच्या कानाशी वाकून "हरला तं फोटो चालन का?" असं विचारणारा माणूस सबंध उमरखेड तालुक्यात एकच होता, आणि तो आम्हा ढाणकीकरांच्याच वाट्याला आला होता.

हबीबभाई फोटोवाले. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. सन साठच्या पुढेमागे मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. मास्तरला सगळंच येतं, या समजुतीने गावाने मला क्रीडा समितीचा चिटणीसही करून टाकलं होतं. मैदान आखणं, पाहुणे आणणं, भांडणं मिटवणं हे सगळं मी निभावलं असतं. हबीबभाई मात्र निभत नव्हते.

समोरच्याने हो म्हटल्याशिवाय हा माणूस फोटो काढत नसे. एकदा हुतूतूचा जिंकलेला संघ रांगेत बसवला. हबीबभाई एकेकाजवळ जाऊन विचारत होते, "मर्जी हाय ना, भाऊ?" एकाने मान खाजवली. "काकाले इचारा लागन." काका फुलसावंगीला! हबीबभाईंनी निमूट कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं.

"अहो, सूर्य बुडतोय!" मी ओरडलो.

"सूर्य उद्या येते, गुरुजी."

काकाही दुसऱ्या दिवशी आले. पण तोवर अर्धा संघ कापूस वेचायला गेला होता.

शंकरपटाच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलजोडीचा मालक एका शब्दात हो म्हणाला. तरी यांचं बोट बैलाकडे. "मालक हो म्हणते, पण हा मान हालवून राह्यला ना!" लोक हसले. मी हसलो नाही. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे हातात शेला घेऊन उन्हात ताटकळत होते, आणि त्यांनी फोटोसाठी चेहऱ्यावर आणलेलं हसू केव्हाच वाळून गेलं होतं.

मी चिडलो की यांचं उत्तर ठरलेलं. "चेहरा त्याचा हाय, गुरुजी. काच फक्त माही."

"पण हरला तर, हे आधी कशाला विचारता?"

"जिंकल्यावर तं कोणीबी हो म्हणते."

एका साली त्यांनी असं विचारलेला पैलवान खरंच हरला. "या फोटोवाल्यानं अपशकुन केला!" म्हणत त्याच्या गावचे लोक बाह्या सरसावून आले. मी मध्ये पडलो, तर माझाच नवा सदरा फाटला. आणि त्या गोंधळात हबीबभाई त्या पैलवानाला शांतपणे म्हणतात, "म्हंजे फोटो नाही ना चालत?"

आमचे अध्यक्ष आबासाहेब कडाडले, "पुढच्या साली उमरखेडचा फोटोवाला आणा!" हे हबीबभाईंना सांगायला अर्थात मलाच पाठवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. "बराबर हाय," म्हणाले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

उमरखेडचा फोटोवाला गळ्यात छोटा कॅमेरा अडकवून आला. कुणाला काही विचारत नव्हता. खटाखट फोटो काढत होता. मला कोण आनंद झाला!

शेवटची कुस्ती आमच्या मारोतीची होती. सगळ्या गावाची आशा त्याच्यावर. आणि तो चीतपट झाला. जिंकलेला पैलवान त्याच्या छातीवर बसून हात उंचावून हसत होता. मारोतीने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

"हात काढ बे तोंडावरचा!" फोटोवाला गुडघ्यावर बसत ओरडला. त्या पैलवानाने मारोतीची मनगटं धरून बाजूला ओढली.

एवढ्यात गर्दीतून हबीबभाई सरळ आखाड्यात आले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून मारोतीच्या समोर उभे राहिले. आबासाहेब मंचावरून शिव्या देत होते. हबीबभाईंनी त्या पैलवानाला बाजूला सारलं, खांद्यावरचा दुपट्टा मारोतीच्या अंगावर टाकला, त्याला उठवलं आणि विहिरीकडे घेऊन गेले. फोटो आला, पण त्यात कुस्ती नव्हती. होती ती हबीबभाईंची पाठ.

मी तणतणत त्यांच्यामागे गेलो. "आता तर फोटो काढणं तुमचं काम नव्हतं. मग मध्ये कशाला पडलात?"

"राहावलं नाही, गुरुजी." ते मारोतीपासून जरा बाजूला झाले. "माहा धाकटा भाऊ करीम. तोबी कुस्ती खेळे. असाच पडला होता एकदा. फोटो म्याच काढला. लई साफ आला होता, म्हणून दुकानाच्या दारात लावला. बाजाराच्या दिवशी लोक उभे राहून हासत. मले वाटे, माहं काम पाहून राह्यले."

"मग?"

"फोटो काढून टाक, असं त्यानं एकदाबी म्हटलं नाही. राजूरले निंघून गेला, कोयल्याच्या खाणीत."

"ईदला तरी येतो ना?"

"नाही येत. मी गेलतो त्याले आणाले. म्हणे, इथं बरं हाय भाईजान. खाली अंधार असते, कोणाचा चेहरा कोणाले दिसत नाही."

मारोती विहिरीच्या काठावर मान खाली घालून बसला होता. हबीबभाई त्याच्या मागे जाऊन बसले आणि दुपट्ट्याच्या टोकाने त्याच्या पाठीची माती हळूहळू पुसू लागले.