राखेचा उगम

धूर, धुकं आणि ज्वालामुखीची राख यांतला फरक मला झोपेतही कळतो, असं मी गावभर सांगत फिरायचो! त्या वर्षी दक्षिणेचा डोंगर धुमसू लागला आणि हवामान खात्याने लेसरचं यंत्र थेट आमच्या कुरणात आणून माझ्या हवाली केलं. धावपट्टी तिथून हाकेच्या अंतरावर. हिरवा किरण वर सोडायचा. ढगाचा थेंब गोल, राखेचा कण खडबडीत. परतलेल्या प्रकाशावरून काय ते कळतं.

माझी बहीण सोल्रून अकरा वर्षांनी नॉर्वेहून येणार होती, तीही तीनच दिवसांसाठी. आईचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

सकाळी अकराला पडद्यावर जाड थर उमटला. खडबडीत कण! मी बेर्गुरला फोन लावला. धावपट्टी तोच सांभाळायचा.

"राख आहे! विमान उतरवू नकोस!"

"ओद्दुर, त्यात तुझी बहीण आहे रे!"

"म्हणूनच सांगतोय!"

विमान दोन घिरट्या घालून राजधानीला परत गेलं. मला अभिमानाने भरून आलं. तेवढ्यात परसातून आई आली. हातात फावडं, केस पांढरेफटक, भुवयासुद्धा!

"आई, हे काय?"

"बाबांची मांस धुरवायची खोली उघडली. त्यांच्यासारखी मेंढीची मांडी धुरवायचीय सोल्रूनसाठी. आतली राख नऊ वर्षं तशीच पडलेली! दिली वाऱ्यावर उधळून."

मी वळून पडद्याकडे पाहिलं. "किती?"

"बारा पाट्या. का रे? विमान का वळलं?"

मी सांगितलं. आई फावडं टेकवून पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग उठून तिने लेंड्यांच्या गोवऱ्या पेटवल्या, आणि बाबा गेल्यापासून हरवलेला तो वास अंगणात परत आला. मला रडूच आलं. धुराने, असं मी तिला सांगितलं.

सोल्रून दुसऱ्या दिवशी बसने आली, सात तास हाडं खिळखिळी करून. दारात तिने आधी नाक वर केलं.

"बाबांचा धूर! मला पुलापासूनच कळलं. तुझ्या त्या यंत्राला नाही का रे कळत?"

तिघंही हसलो. आईचे डोळे मात्र भरलेले होते.

अहवालात 'राखेचा उगम' असा रकाना असतो. तिथे डोंगराचं नाव लिहायचं. मी बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी खरं तेच लिहिलं: आई.