गचका काढला

"आज तो पोरगा घरी येतोय. तुम्ही वेळेत आला नाहीत, तर आम्ही मायलेकी लग्न ठरवून मोकळ्या होऊ. मग बसा तुम्ही भिंगं पुसत," डबा हातात देताना बायकोनं बजावलं.

"येतो गं. झोपलो तरी येतो," चष्मेवाले म्हणाले.

यात काही खोटं नव्हतं. शहरातल्या दुकानात दिवसभर भिंगं घासून ते संध्याकाळच्या गाडीत बसत आणि लगेच घोरू लागत. डबाभर माणसं तेच करत. कारण त्यांच्या स्टेशनाअलीकडे रुळांचा एक सांधा असा खिळखिळा होता, की गाडी त्यावर आली की दातांवर दात आपटत. त्या गचक्यानं सगळा डबा जागा व्हायचा, पिशव्या काढायचा आणि उतरायचा. वर्षानुवर्षं कुणाला घड्याळ लागलं नव्हतं.

मग रेल्वेला सुधारणेचा झटका आला. रूळ बदलले, सिग्नल बदलले, स्टेशनात फरश्या चकचकीत झाल्या. काम चालू असताना जागोजागी पाट्या होत्या, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. माफी काम संपल्यावर मागायला हवी होती, एवढी अक्कल एकाही साहेबाला नव्हती.

त्या संध्याकाळी गाडी नव्या रुळांवरून पहिल्यांदाच धावली. धावली कसली, तरंगली. एरवी स्टेशनाबाहेर ताटकळवणारा सिग्नल आधीच हिरवा होऊन बसला होता. नव्या भोंग्यातून एका बाईनं स्टेशनाचं नाव सांगितलं, तेही बाळाला थोपटावं अशा आवाजात. डबा आणखी गाढ झोपला.

शेवटच्या स्टेशनावर झाडूवाली ओरडली, "उठा! गाडी धुवायला चाललीय!"

"अगंबाई! गचका कुठे गेला?" रोज याच डब्यातून येणाऱ्या एक शाळेतल्या बाई किंचाळल्या.

"काढला," झाडूवाली म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या खांद्यावर एक तरुण डोकं टेकून झोपला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फुलांचा गुच्छ. त्याचं डोकं ढकलून ते गरजले, "कुठल्या गाढवानं ते रूळ सरळ केले?"

तरुणानं डोळे चोळले. "मी."

सगळा डबा त्याच्याकडे वळला.

"म्हणजे, बरेच जण होतो आम्ही. पण तो सांधा माझ्याकडे होता."

"मग तू कशाला झोपलास?"

"कामापायी किती रात्री झोप नाही, काका. आणि गाडी इतकी छान चालली होती..." एवढ्या शिव्यांतही त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपेना.

परतीच्या गाडीत चष्मेवाल्यांनी त्याला बसू दिलं नाही. "उभा राहा. बसलास तर चिमटा काढीन." दोघं दांड्याला लटकले.

"माझं वाटोळं झालं, काका," तरुण म्हणाला. "आज तिच्या वडिलांना भेटायचं होतं. वेळेच्या बाबतीत फार कडक आहेत म्हणे."

"राहतात कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे. चष्म्याच्या दुकानात असतात."

चष्मेवाल्यांनी गुच्छाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"कडक आहेत खरे. पण काळजी करू नकोस. आज ते तुझ्याआधी पोचणार नाहीत."

समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा गुच्छ हातातून पडला.

दाराशी पोचल्यावर चष्मेवाले कुजबुजले, "बोलायचं मी. सिग्नल बिघडला होता, असं सांगतो. तू नुसती मान हलव."

दार उघडलं. बायको हाताची घडी घालून उभी होती, मागे लेक.

"सिग्नल बिघडला," चष्मेवाले ठणकावून म्हणाले.

तरुणाची मान हलेना. कान मात्र लाल झाले.

"नाही," तो म्हणाला. "सिग्नल व्यवस्थित होता. आम्ही झोपलो होतो. दोघंही."

"दोघंही?" बायकोनं विचारलं.

"मी यांच्या खांद्यावर आणि हे माझ्या डोक्यावर."

"मी नाही! हाच माझ्यावर लाळ गाळत होता!" चष्मेवाल्यांनी ओली बाही पुढे केली.

लेक हसत हसत उंबऱ्यातच बसली.

जेवणं झाली, तरुण गेला. बायकोनं विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला आहे गं. पण हा जावई झाला, तर मला या घरात पुन्हा कधी थाप मारता येणार नाही."

"हो ना," बायको गालातल्या गालात हसली. "मग तारीख लवकरचीच धरू या."