नवव्या प्रथिनाचं काम

सृष्टीत कोणतीही गोष्ट उगाच नसते, असं विज्ञान मानतं. आणि जी उगाच असते, तिच्यावर निदान एक पीएचडी तरी होतेच.

बदकांना एक जीवघेणा रोग होतो. त्याचा विषाणू अंगभर प्रथिनं मिरवत फिरतो. चीनमधल्या यआन शहराच्या बदक-रोग संस्थेत यातलं एकेक प्रथिन एकेका विद्यार्थ्याला नेमून दिलेलं होतं. ज्याचं प्रथिन वजनदार, त्याला खिडकीजवळची जागा. रान यीमेईला नववं मिळालं होतं आणि ती डीप फ्रीझरच्या मागे बसायची.

प्रथिनाचं काम शोधायची रीत सोपी आणि निर्दय आहे: ते विषाणूतून काढून टाकायचं आणि त्याच्यावाचून काय अडतं ते बघायचं. तेंगदादाने (यीमेईच्या दोन वर्षं पुढे, म्हणून दादा) चौथं काढलं, तर विषाणूला पेशीत शिरताच येईना. विषाणू संपला आणि तेंगदादाचं लग्न ठरलं. यीमेईने नववं काढलं. विषाणू पूर्वीइतक्याच उत्साहाने पेशीत शिरला, वाढला, आणि बदकांनी पूर्वीसारख्याच माना टाकल्या. तिने प्रयोग पुन्हा केला. बदकं पुन्हा मेली. (त्यांच्या सहकार्यात काही कमी नव्हतं.)

"सर, नवव्याला काही कामच नाहीये," तिने सांगितलं.

संस्थाप्रमुख जिंग चाओलिन सरांचं प्राध्यापकपद, भाषणं आणि परदेशवाऱ्या हे सगळं नवव्या प्रथिनावरच उभं होतं.

"काम नाही? अगं, मी जन्मभर त्यावर व्याख्यानं देतोय!"

"हो सर. पण विषाणूला ते कुणी कळवलेलं दिसत नाही."

"तुझंच कुठेतरी चुकलंय. काम सापडेपर्यंत पीएचडी विसर!"

आईचा फोन आला तेव्हा यीमेई रडवेली झाली होती.

"बदकं अजून मरतायत ना?" आईने विचारलं.

"मरतायत गं."

"मग रडतेस कशाला? संस्था काही बंद पडत नाही."

त्याच आठवड्यात सरांच्या पोटात कळ आली. डॉक्टरांनी त्यांचं पित्ताशय काढलं आणि संस्थेतून सरांना दोन महिन्यांसाठी काढलं.

मग फार चमत्कारिक गोष्टी घडल्या. सोमवारची बैठक रद्द झाली आणि सोमवारी कामं होऊ लागली. सरांच्या सहीसाठी अडलेली फ्रीझरची दुरुस्ती कारकुनाने परस्पर करून घेतली. रखडलेले तीन शोधनिबंध छापायला गेले. भांडणं दोन-तृतीयांशाने घटली (उरलेली जेवणातल्या तिखटावरून होती). काढून टाका आणि काय अडतं ते बघा, हेच शिक्षण मिळालेली पोरं एकमेकांकडे बघेनात.

"निष्कर्ष अगदी स्वच्छ आहे. छापूया का?" तेंगदादा कुजबुजला.

"तुझं काय जातंय? तुझं लग्न ठरलंय!" यीमेई म्हणाली.

नासपती घेऊन ती सरांना भेटायला गेली. सर निम्मे झाले होते. ती खुर्चीवर बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "तिकडे माझ्यावाचून काय काय अडलंय?"

यीमेईला खरं उत्तर माहीत होतं, आणि ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांनी चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं तिला दिसलं.

"सगळंच, सर. पान हलत नाही."

सरांचे डोळे भरून आले. "वाटलंच मला."

"नवव्याचंही तसंच असेल, सर," ती हळूच म्हणाली. "वरून दिसत नाही. पण आधार असतो."

सर उशीवरून ताडकन उठले. टाके ओढले गेले तरी त्यांना पर्वा नव्हती. "हेच! शब्दन्‌शब्द हेच लिही!"

'विषाणूच्या जीवनातील नवव्या प्रथिनाची अदृश्य परंतु पायाभूत भूमिका' हा प्रबंध एकमताने मान्य झाला. सर परत आले, सोमवारची बैठक सुरू झाली. डॉ. रान यीमेईला खिडकी मिळाली. बदकं मरतच आहेत.

वाचकाला यात हसण्यासारखं काही वाटलं असेल, तर त्याने पंधरा दिवस रजा टाकावी, फोन बंद ठेवावा आणि परतल्यावर आपल्यावाचून काय अडलं होतं ते विचारावं. सहकारी मनाने चांगले असतील, तर खोटं बोलतील.