झोपेतला हुंकार

सिस्टर रात्रपाळी संपवून येई आणि दुपारी झोपे. घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय नेमके त्याच वेळी होत.

कारण साधं होतं. अठरा वर्षं रात्रपाळ्या करून तिला एक विद्या अवगत झाली होती. अंग झोपे, पण गळा ड्यूटीवर राही. कोणी काहीही विचारलं की ती झोपेतल्या झोपेत "हं" म्हणे. हा "हं" घोरण्याच्या जातीतला नव्हता. चांगला समजूतदार, विचार करून दिलेला वाटे. नवा सोफा, नवऱ्याच्या मित्राकडे गेलेली स्कूटर, बाहेरच्या खोलीला लागलेला जांभळा रंग, हे सगळं त्या "हं"वरच मंजूर झालं होतं. "अगं, तूच हो म्हणालीस," असं नवरा म्हणे, आणि ते खोटंही नसे.

सध्याचा प्रश्न मात्र सोफ्याहून मोठा होता. एका एजन्सीने तिला परगावच्या हॉस्पिटलात तीन महिन्यांचं कंत्राट देऊ केलं होतं. पगार आताच्या दुप्पट. अशी चार-दोन कंत्राटं केली की रात्रपाळीला कायमचा रामराम ठोकता आला असता. रात्री स्वतःच्या अंथरुणात असणं, एवढंच तर तिला आयुष्याकडून हवं होतं. पण कंत्राटात पेन्शन नाही, आजारी पडलं तर पगार नाही आणि त्यांच्या मनात आलं तर उद्यापासून येऊ नका. इथल्या नोकरीत पेन्शन होती, खिळखिळं का होईना स्वतःचं कपाट होतं, आणि "पुढच्या महिन्यापासून तुम्हाला दिवसपाळी" हे आश्वासन तर नोकरीपेक्षाही कायम होतं. बिनपगारी रजा काढून तिकडे जाऊन बघू का, असं तिने मेट्रनबाईंना विचारलं होतं. त्या "बघू" म्हणाल्या होत्या. म्हणजे नाही.

सासूबाईंचं मत पक्कं होतं. "कायमची नोकरी कशी चारचौघांत सांगता येते. कंत्राट म्हटलं की लोकांना वाटायचं, आमची सून रस्ते बांधते."

सिस्टर विचार करायला बसे आणि तिचा डोळा लागे. असा महिना गेला.

एका गुरुवारी संध्याकाळी ती उठली, तर मोबाइलवर एजन्सीचं अभिनंदन आलेलं. सोमवारी रुजू व्हा. तिने घाबरून मेट्रनबाईंना फोन लावला, तर त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. दुपारी फोनवर लगेच तयार झालात, फार मोठी काळजी मिटली, सोमवारपासून तुम्ही इनचार्ज, असं त्या एका दमात बोलून गेल्या.

"दिवसाच्या ना, मॅडम?"

"नाइट इनचार्ज हो. दिवसाला काय, कोणीही मिळतं."

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई मधली खोली झाडत होत्या. नवऱ्याच्या मावशी गुडघ्याचं ऑपरेशन करून सोमवारी राहायला येणार होत्या. "तूच म्हणालीस ना, मी सांभाळते म्हणून?" सासूबाईंनी केरसुणी न थांबवता विचारलं.

सोमवार एकच होता आणि सिस्टरही.

तिने एजन्सीच्या बाईंना सांगितलं, की तो होकार खरा नव्हता, मी झोपेत होते.

"मॅडम, मीही वीस वर्षं नाइट केल्यात, मला नका सांगू," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज दमलेलाच होता. "आमचे फोन रेकॉर्ड होतात. रेकॉर्डवरचा 'हं' म्हणजे सहीच. ऐकवू?"

त्यांनी ऐकवलं. सिस्टरने स्वतःचे सगळे "हं" लक्षपूर्वक ऐकले. त्यातला तिसरा तर इतका विचारपूर्वक होता की तो तिलाही पटला. शनिवारपर्यंत काय ते सांगा, आता माघार घेतलीत तर पुन्हा बोलावणार नाही, असं बजावून बाईंनी फोन ठेवला.

शुक्रवारी सिस्टर नवऱ्याशी बोलायला गेली. तो मॅच बघत होता.

"अहो, मावशींचं तुम्ही बघाल का?"

"हं."

"औषधं, आंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं?"

"हं." त्याची नजर टीव्हीवरून हलली नाही.

सिस्टर दारातच थांबली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो "हं" तिने विचारणाऱ्याच्या बाजूने ऐकला होता.

शनिवारी दुपारी ती झोपली नाही. तिने एजन्सीला फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली आणि मग पलीकडून समजूतदार, विचारपूर्वक आवाज आला, "हं."

सिस्टरने तो तत्काळ ओळखला. तरी खात्री केलेली बरी.

"मॅडम, तुमच्या पंख्यावर म्हैस बसलीये ना?"

"हं."

"माझ्या सगळ्या दिवसपाळ्या?"

"हं."

"वेगळी खोली, जाड पडद्यांची?"

"हं."

"आजारी पडले तरी पगार?"

इथे पलीकडचा श्वास जरा अडखळला. झोपेतसुद्धा एजन्सी ती एजन्सीच. पण शेवटी आला, "हं."

"आणि हा फोन रेकॉर्ड होतोय ना, मॅडम?"

"हं."

सिस्टरने फोन ठेवला आणि घड्याळ पाहिलं. मेट्रनबाई जेवणानंतर केबिनचं दार लावून फायली तपासत, ती हीच वेळ. त्याही जुन्या रात्रपाळीवाल्याच. तिने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नंबर लावला.

"मॅडम, ते बिनपगारी रजेचं विचारायचं होतं. तीन महिने, आणि माझी जागा तशीच ठेवून."

पलीकडून पहिला "हं" आला, तशी सिस्टर पलंगावर नीट मांडी घालून बसली.