चेहरा ओळखता आला नाही

ट्रेवर एक चिमटा, एक टोकदार सळी, एक छोटा आरसा आणि रूट कॅनालच्या सहा बारीक सुया, अशी एकूण नऊ हत्यारं होती. काउंटरवर जाड भिंगांचा एक चष्मा होता. फळीवर, दात कसे घासायचे हे दाखवण्यासाठी ठेवलेलं प्लास्टिकचं एक डोकं होतं. खुर्चीच्या दिव्याच्या दांडीला अडकवलेला एक फोन होता. आणि या सगळ्या पसाऱ्याला डॉक्टरीणबाईंचे हात दोनच होते. ते दोन्ही पेशंटच्या तोंडात होते.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर फक्त एवढंच आलं : एक संदेश. आत काय आहे ते हवं असेल तर आधी कुलूप उघडा.

तो संदेश कशाबद्दल असणार, हे डॉक्टरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दात दुखतोय म्हणून आलेला माणूस वर पोचेपर्यंत छाती धरून बसायचा. मग आधी पाणी, मग पंखा, मग दात. म्हाताऱ्या माणसांपैकी काही तर दुसऱ्या मजल्यावरूनच परत फिरायची. आता खाली, अगदी रस्त्याला लागून, एक गाळा रिकामा झाला होता. मालकाने सांगितलं होतं, पहिला मान तुमचा. पण आज पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर गाळा समोरच्या चष्मेवाल्यांना.

आणि समोरचे चष्मेवाले या क्षणी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ वासून पडले होते. दाढेने मुहूर्त नेमका आजचाच काढला होता. त्यांच्या तोंडावर निळा रबरी पडदा ताणलेला होता, त्यातल्या भोकातून तेवढी एक दाढ बाहेर डोकावत होती. डोळ्यांवर दवाखान्याचा गॉगल, डोक्याला कागदी टोपी.

घड्याळात पावणेपाच झाले होते.

"मावशी, तो फोन जरा माझ्यासमोर धरा हो," त्या मदतनीस बाईंना म्हणाल्या.

"बोट लावायचं नाही ना आता?"

"नाही नाही. ते सगळं संपलं. आता नुसतं बघायचं."

ते सगळं म्हणजे गेल्या महिन्याभराचा छळ होता. बोट लावावं, तर हातात मोजे. मोजे काढून, हात धुऊन, बोट टेकवून, पुन्हा हात धुऊन, पुन्हा मोजे घालण्यात दिवस जायचा. कोपराने कुलपाची नक्षी काढून पाहिली. फोनने कोपराचा अपमान केला. मग आवाजाचं कुलूप लावलं. पण दिवसभर "उघडा, अजून उघडा" म्हणणाऱ्या बाईचा फोन दिवसभर उघडाच राहिला, म्हणून तेही पहिल्याच दुपारी रद्द. शेवटी रविवारी त्यांनी चेहरा नोंदवला. काम करताना उघडायचा म्हणजे कामाच्या पोशाखातच नोंदवायला हवा, हा विचार त्यांना फार शास्त्रशुद्ध वाटला होता. टोपी, गॉगल, मास्क. चेहऱ्याचा दिसणारा भाग म्हणजे दोन बोटं कपाळ. घरी आल्यावर फोन उघडेना, तेव्हा त्यांनी दोष ट्यूबलाइटला दिला होता.

मावशींनी फोन दांडीवरून काढून हातात घेतला. मावशींनाही टोपी होती, गॉगल होता, मास्क होता. फोन टकदिशी उघडला.

"अहो ताई, उघडला की!"

"उघडला? तुम्हाला? तुम्हाला कसा उघडला?"

"मी काय केलं? नुसतं बघितलं." मावशींनी लगेच मोठ्याने वाचूनही टाकलं. "गाळा हवा का? पाचपर्यंत हो किंवा नाही कळवा, मग चष्मेवाल्यांना विचारतो. खाली दोन बटणं पण आलीत, हो नि नाही. दाबू हो?"

चष्मेवाल्यांच्या भुवया गॉगलच्या वर आल्या.

"अजिबात दाबायचं नाही! आधी बंद करा तो!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "फोन माझा, पैसे माझे, आणि हा तुम्हाला बघून दार उघडतो? माझ्यासमोर धरा. मीच उघडणार, मीच हो म्हणणार."

मावशींनी फोन बंद करून त्यांच्यासमोर धरला. बाईंच्या गॉगलवर ड्रिलचं पाणी उडालं होतं. फोनने क्षणभर निरखलं आणि कळवलं : चेहरा ओळखता आला नाही.

"असं कसं? माझं तोंड नीट दिसत नसेल त्याला. मास्क खाली ओढा माझा."

मावशींनी ओढला.

चेहरा ओळखता आला नाही.

"गॉगलही काढा!"

गॉगल निघाला. टोपी निघाली. डॉक्टरीणबाईंचा अख्खा चेहरा, रागाने लाल झालेल्या नाकासकट, फोनसमोर उभा राहिला. फोन ढिम्म.

"जसजशी तुम्ही दिसताय तसतसा तो जास्तच नाही म्हणतोय," मावशी म्हणाल्या. "मी बघू का परत? मला ओळखतो तो."

"काही गरज नाही! हा काय चावटपणा आहे? मीच विकत घेतला, मीच रोज चार्ज करते, आणि मलाच विचारतो तुम्ही कोण? थांबा, आकडेच टाकते. काका, दोन मिनिटं हं, हलू नका. मावशी, कपाटातून नवे मोजे काढा, आणि तो दांडीला लावून ठेवा."

मावशींनी फोन पुन्हा दिव्याच्या दांडीला अडकवला आणि त्या कपाटाकडे वळल्या. डॉक्टरीणबाई मोजे ओरबाडून बेसिनवर गेल्या, हात खसाखसा धुतले, पुसले, मास्कशिवायच तरातरा परत आल्या. पाचला सहा मिनिटं होती. त्यांनी उघड्या बोटाने आकडे टाकले. फोन नाइलाजाने उघडला.

संदेशाखाली उत्तर आधीच गेलेलं होतं : हो. आणि त्याखाली मालकाचं : ठीक, गाळा तुमचा.

"मावशी! मी काय सांगितलं होतं?"

"माझ्यावर का ओरडता? मी तर कपाटात तोंड घालून मोजे शोधतेय!"

डॉक्टरीणबाईंनी फोनकडे पाहिलं. मग नवे मोजे चढवून, मास्क वर घेऊन दाढेचं आजचं काम पुरं केलं. हो गेलं होतं हे खरं. पण ते त्यांनी म्हटलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना दाढेतल्या किडीसारखी पोखरत होती. शेवटी त्यांनी रबरी पडदा काढला. चष्मेवाल्यांनी बधिर ओठांनी चूळ भरली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मग डॉक्टर, गाळ्याचं राहिलंच का शेवटी? चालायचंच. मी चांगला ठेवीन हो तो."

"राहिलं कशाने? मला मिळाला."

"मिळाला?"

"हो गेलं ना माझ्या फोनवरून. कोणी पाठवलं, तेवढंच कळत नाहीये."

"शक्यच नाही!" चष्मेवाले खुर्चीत ताडकन उठून बसले. "मी स्वतः 'नाही'चं बटण दाबलंय!"

मावशींनी काउंटरवरचा जाड भिंगांचा चष्मा उचलला आणि सावकाश त्यांच्या हातात दिला.

"म्हणजे, तो आपोआपच उघडला माझ्यासमोर," चष्मेवाले चष्मा चढवत पुटपुटले. "मला वाटलं... आता काय, समोर दोन बटणं..."

"काका, पडा परत खुर्चीत."

"अजून दाढ राहिलीय?"

"दाढ नाही. चाचणी."

डॉक्टरीणबाईंनी फोन दांडीला लावला आणि प्रत्येकाला दहा वेळा समोर घेतलं. मावशी, टोपी, गॉगल, मास्कसह : दहा वेळा उघडला. चष्मेवाले, टोपी, गॉगल, रबरी पडद्यासह : नऊ वेळा उघडला, एकदा ते शिंकले. फळीवरचं प्लास्टिकचं डोकं, मावशींच्या पोशाखात : दहा वेळा उघडला. डॉक्टरीणबाई, पूर्ण चेहरा, भरपूर उजेड : शून्य.