ड्रमरची कार्यमुक्ती

'अनंत परिघ' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या ड्रमरने अकरा वर्षांच्या अखंड सेवेनंतर बँड सोडायचं ठरवलं, तो मंगळवार होता. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी ड्रम वाजवायचा. निदान घरचे तसं समजत. प्रत्यक्षात बँडच्या अडतीस मिनिटांच्या नव्या रचनेत ड्रमरने आठशे बारा मात्रा मनात मोजाव्यात आणि मग झांज एकदा वाजवावी, एवढीच तरतूद होती. त्या मंगळवारी सहाशे चाळीसच्या आसपास त्याला शिंक आली. आकडा हुकला, झांज भलत्याच ठिकाणी वाजली आणि सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आज काय वाजवलंस?" घरी बायकोने विचारलं.

"एकदा वाजवलं. तेही चुकलं."

ती हसली. तो हसला नाही, तशी तीही थांबली. "मग सोड ना. तीन गल्ल्या पलीकडचे ते 'शून्य परिमाण'वाले तुला विचारत होते की."

"तुझ्या दादाला काय सांगू?"

प्रश्न रास्त होता. बायकोचा दादा पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होता, बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा आणि बँडचा सचिवही होता. बँडची सेहेचाळीस पानी घटना त्यानेच लिहिली होती. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'कागद जाळा, शिक्के जाळा' असं होतं आणि त्याच्या शब्दांची शिक्का मारलेली प्रत तालमीच्या खोलीत फाईलला लावलेली होती.

"जावईबापू, तोंडी चालत नाही," दादा म्हणाला. "अर्ज करा. तीन प्रतींत."

ड्रमरने अर्ज केला: 'कंटाळा आला, सबब कार्यमुक्त करावे.' अर्ज शेऱ्यासह परत आला. 'कंटाळा हे कारण परिशिष्टात नाही. ग्राह्य कारणे तीन: कलात्मक मतभेद, दीर्घ आजार, मृत्यू. योग्य त्यावर खूण करावी.' त्याने पहिल्यावर खूण केली.

"तिसऱ्यावर केली असती तर चौकशी लागली नसती," दादाने कळकळीने सांगितलं.

चौकशी तालमीच्या खोलीत झाली. अध्यक्षस्थानी बँडचे गायक आणि गीतकार होते, ज्यांना सगळे सर म्हणत. सरांनी अर्ज दोनदा वाचला.

"मतभेद नेमका कोणत्या मुद्द्यावर?"

"मला वाजवायचं आहे, सर."

"काय?"

"ड्रम."

सरांनी डोळे मिटले. मग खिन्नपणे म्हणाले, "अकरा वर्षं आमच्यात राहिलास, आणि शेवटी ड्रमरच राहिलास!"

कार्यमुक्ती मंजूर झाली, पण एका अटीवर. सेवाकाळात वापरलेल्या मात्रा ही संस्थेची मालमत्ता असल्याने पाच, सात, नऊ, अकरा आणि तेरा मात्रांचे ठेके त्याने पुढची दोन वर्षं इतरत्र कुठेही वाजवायचे नव्हते.

"मग मला राहिलं काय?"

दादाने यादीवरून बोट फिरवलं. "चार. ते आपण कधी वापरलेच नाहीत. त्यांच्यावर संस्थेचा दावा नाही."

ड्रमरने सही केली. जिन्यात दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. हे सगळं दप्तरी होतं. रविवारी जेवायला येतोच आहे." आणि तो आलाही. दोनदा वाढून घेतलं.

'शून्य परिमाण' हा बँड 'अनंत परिघ'च्या कागदी कारभाराला वैतागून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढला होता. त्यांची घटना एकसष्ट पानांची होती, कारण जुन्या घटनेतल्या सगळ्या चुका टाळायच्या होत्या. बँडच्या प्रमुख मॅडम चष्म्याचं दुकान चालवायच्या. त्यांनी कार्यमुक्तीचं पत्र उजेडात धरून वाचलं.

"फक्त चार मात्रा? मुद्दाम?"

खरं सांगावं असं ड्रमरला वाटलं. पण मॅडमचा चेहरा उजळला होता. "केवढं धाडस!" त्या म्हणाल्या, आणि पत्रिकेवर छापून आलं: 'चार: एक निषेध.'

कार्यक्रमाला दोनशे अकरा माणसं आली. सगळी नेहमीची, हनुवटीला हात लावून, कपाळाला आठी घालून ऐकणारी. दुसऱ्या मिनिटाला ड्रमरने चारचा साधा, सरळ ठेका धरला. दोन मजल्यांमध्ये अकरा वर्षं अडकलेली लिफ्ट एकदम हलावी, तसं त्याच्या खांद्यांना झालं. पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या समीक्षकांचा गुडघा उडू लागला. नवव्या मिनिटाला खुर्च्यांखालची जमीन घुमत होती. मागच्या रांगेत बायको उभीच राहिली होती. ती हसत होती की रडत होती, हे त्याला इतक्या लांबून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. विषय: प्रेक्षकांचे पाय हलल्याबाबत.

"लोकांनी विचार करायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी पाय हलवले. चित्रफितीत स्पष्ट दिसतंय."

"त्यांना आवडलं असेल, मॅडम."

"तसं त्यांनी लेखी द्यावं."

घटनेतच तशी सोय होती. एका जरी प्रेक्षकाने 'मी माझा पाय स्वतःच्या आनंदासाठी हलवला' असं लिहून दिलं, तर ड्रमर निर्दोष ठरणार होता. सर्वांना नमुना क्रमांक सात पाठवण्यात आला. हो किंवा नाही, एवढीच खूण करायची होती.

"दोनशे अकरा माणसं आहेत," ड्रमर बायकोला म्हणाला. "एक तरी निघेल."

"अरे, पन्नास निघतील."

आठवड्यात सगळे नमुने परत आले. दोनशे दहा जणांनी 'नाही'वर खूण केली होती. काहींनी पुरवणीही जोडली होती: 'संगीत काहीच कळले नाही, म्हणून भावले.' समीक्षकांनी गुडघ्याबाबत डॉक्टरांचा दाखला लावला होता. एकच 'हो' आलं होतं. ते बायकोचं होतं, आणि नातेवाइकांचा अभिप्राय ग्राह्य धरता येत नव्हता.

निकाल सहा मिनिटांत लागला. दोनशे दहा प्रतिष्ठित नागरिकांचे पाय त्यांच्या इच्छेविरुद्ध हलवल्याचा आरोप सिद्ध होऊन ड्रमरला बडतर्फ करण्यात आलं. ड्रम ठेवून घेण्यात आले. नमुन्यांचा गठ्ठा मात्र त्याला नियमानुसार माहितीसाठी देण्यात आला.

तो गठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून त्याने एकेक कागद वाचला. बायको भाजी चिरत होती.

"कशाला वाचतोस? जीवाला त्रास नुसता."

"थांब," तो म्हणाला. "हा बघ."

कागदावर आधी 'हो'वर खूण झाली होती. चांगली ठसठशीत. मग ती खोडून 'नाही'वर केली होती. खोडताना पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

बायकोने सुरी खाली ठेवली. "याला खरंच आवडलं होतं रे."

"हो."

"कोण आहे?"

त्याने खालचं नाव वाचलं, खुर्चीचा क्रमांक वाचला आणि कागद पुन्हा गठ्ठ्यात सरकवला. नाव त्याने बायकोला सांगितलं नाही. ड्रमर भला माणूस आहे, कोणाला दुखवायचं नाही त्याच्या मनात.

तिसरी रांग, कडेची खुर्ची. तुमचीच. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल, मी त्या संध्याकाळी तिथे नव्हतोच.