मिशीतून सुटणारी हवा

सकाळी साडेआठ वाजता रविकांतने मिशी काढली. घरच्याच आरशात, स्वतःच्या हाताने. सलूनमध्ये गेला असता तर प्रश्न आले असते.

मिशी लग्नाआधीपासूनची होती, पण तिच्यातून हवा सुटत होती. रविकांत एसटीचा ड्रायव्हर. मागे एकदा रेल्वे फाटकावर त्याची बस थांबली, फाटक उघडलं, बस हलली नाही. ड्रायव्हर घोरत होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी निदान केलं, झोपेत याचा श्वास थांबतो. रात्री नाकावर मास्क लावून हवेचं मशीन चालवायचं. डॉक्टर 'ठीक' म्हणेपर्यंत स्टीअरिंग नाही, असं आगाराने सांगितलं. तेव्हापासून तो गाड्यांच्या पाट्या बदलत होता, आणि आगारात सगळे त्याला 'पाटील' म्हणू लागले होते.

सोमवारी तपासणी होती. मास्क रात्रभर नीट बसला की नाही, हे मशीन स्वतःच डॉक्टरांना सांगतं, आणि आतापर्यंत ते काही चांगलं सांगत नव्हतं. पट्टे आवळून झाले, कूस बदलून झाली. शेवटी मशीनवाल्या हरीओमने काल फोनवर विचारलं, "दादा, मिशी आहे का तुम्हाला?"

म्हणून आज मिशी गेली. डोक्यावरचे केस आधीच गेलेले होते. ऊन तापल्यामुळे अंगात नुसती बनियन, खांद्यावर पांढरा दुपट्टा. अशा अवतारात तो मशीनमध्ये टाकायचं शुद्ध पाणी आणायला शिरपुरातल्या बॅटरीच्या दुकानाकडे निघाला. बाप गेल्याशिवाय मिशीला हात लावायचा नाही, ही रीत त्याला माहीत होती. वडील जगदेव लेकीकडे कामरगावला गेले होते, आज परतणार होते. त्यांना काय सांगायचं, याच विचारात तो होता. गावाला काय दिसेल, याचा विचार राहून गेला.

पानठेल्यावरचा रामधन त्याला पाहून उभा राहिला. हातातला चुना पुसला.

"कवा झालं, रविभाऊ?"

"आताच. सकायी."

"असं अचानक?"

"अचानक कायचं? श्वास थांबते ना झोपेत."

"मंग झोपेतच?"

"हो, झोपेतच."

"तरास तं नाई झाला?"

"पयले जराशी आग झाली. मंग एकदम मोकयं."

रामधनने डोळे मिटले. "सुटले बिचारे. बा कामरगावलेच हायेत का अजून?"

"तिथंच. दुपारच्या गाडीनं येतीन."

"गाडी सांगितली?"

"सांगाले काय लागते? एसटीनं."

"एसटीत घेतात?"

"आपल्याले पास हाय ना, भाऊ."

रविकांत पाण्याचा कॅन घेऊन घरी गेला. रामधनने ठेल्याचं फळकूट लावलं आणि मोबाईल काढला.

दिवसाही थोडा वेळ मास्क लावून सवय करा, असं हरीओमने सांगितलं होतं. रविकांत खोलीत आडवा झाला, मास्क चढवला, मशीन सुरू केलं. पहिल्यांदाच कुठूनही शिट्टी वाजली नाही. त्याला इतकं बरं वाटलं की अंगणात रडण्याचा आवाज आला तेव्हा तो शेजारचा टीव्ही वाटला.

अंगणात बायकांनी त्याच्या आईला, रंगूबाईला, मधे घेतलं होतं.

"गेले व माय, जगदेवभाऊ गेले!"

"कुठं गेले? कामरगावले गेले," रंगूबाई म्हणाली. "सोडा मले, वरन उतू जाते!"

"तुले सांगतलं नाई वाट्टे पोरानं."

रंगूबाईच्या हातातला डाव खाली पडला. रविकांतची बायको मंजू धावत खोलीत आली. "अवो, उठा! मामाजी गेले म्हंते सारं गाव!"

रविकांतने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाकातली हवा तोंडातून सुसाट बाहेर आली आणि शब्द तिच्यात वाहून गेले. दारातल्या माणसांनी एवढंच पाहिलं की पोरालाही ऑक्सिजन लावलाय.

मास्क काढून त्याने सगळं समजावलं. मिशी, हवा, सोमवार. लोकांनी ऐकून घेतलं. मग रामधन म्हणाला, "सारं खरं. पन लाव तं बाले फोन."

फोन बंद होता.

कामरगावच्या बहिणीला लावला. शीला म्हणाली, "बा तं सकायीच निंघाले. अजून नाई पोचले? आन मांगं कोन रडून राह्यलं, दादा?"

वडिलांना पुन्हा लावला, बंदच. रविकांतला आपल्या तोंडून काय काय निघालं ते एकेक करून आठवलं. झोपेतच. एकदम मोकयं. रंगूबाई त्याच्या उघड्या ओठाकडे बघत होती.

"माय, तसं काई नाई."

"मंग वस्तरा कायले लावला, येड्या?"

कामरगावहून येताना मालेगावला गाडी बदलावी लागते. मालेगावची गाडी येऊन गेल्याचा हॉर्न ऐकू आला. अंगणातले सगळे फाटकाकडे वळले. बऱ्याच वेळाने थैली सावरत जगदेव आत आले. दाट पांढरी मिशी घामाने चिकटली होती.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

रामधन दोन पावलं मागे सरला.

"मालेगावच्या स्टँडवर एक जन सांगे, शिरपूरचे जगदेवभाऊ गेले. मी म्हटलं, मानूस चांगला होता." एवढ्यात त्यांना लेक दिसला. थैली खाली गेली. "मी जित्ता हाय ना बे?"

"बा, फोन काहून बंद तुमचा?"

"चार्जिंग संपली. फोन मेला, मी नाई मेलो! तू मिशी कोनाच्या नावानं काढली?"

"मशीनच्या, बा. हवा लीक होते. सोमवारी नाई जमलं तं स्टीअरिंग गेलं."

"मशीन तुया बाप हाय का?"

रंगूबाई मध्ये पडली. "आत चाला, पानी प्या."

"मेलेल्याले पानी कायले? मिशी आल्याबिगर मी उंबरा नाई ओलांडत." जगदेव ओट्यावर खांबाला टेकून बसले.

मिशी ठेवली तर गाडी जाणार, काढली तर बाप. रविकांत मधल्या पायरीवर बसून राहिला. गावकरीही हलले नाहीत; आलेच होते तर काय होतं ते बघूनच जाणार होते. मंजूने चहा टाकला.

ऊन आणि प्रवासाने जगदेवांची मान कलली. घोरणं सुरू झालं, कौलं हलवणारं. रामधन हसला. मग घोरणं एकाएकी थांबलं. छाती हलेना. कपबशा जिथल्या तिथे राहिल्या. रंगूबाई उठली. तेवढ्यात मोठा घुरका मारून श्वास परत आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबला.

"तुमचाई असाच थांबे," मंजू रविकांतला हळूच म्हणाली.

रविकांतचा फोन वाजला. हरीओम होता. "दादा, आजचं बघितलं. हवा अजिबात सुटत नाहीये. सोमवारपर्यंत असंच ठेवा."

"हरीओमभाऊ," रविकांतने आवाज दाबला, "आमच्या बाचाई श्वास थांबून राह्यला. इथंच, ओट्यावर."

"लगेच डॉक्टरांना दाखवा. सोमवारी सोबतच आणा, बहुतेक त्यांनाही मशीन लागेल." मग त्याने विचारलं, "दादा, मिशी आहे का त्यांना?"

हरीओमचा आवाज मोठा होता; अंगणातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. जगदेवांनी एक डोळा उघडला.